जुन्या मोटारीचा सौदा केव्हा पुरा होतो?

व्यापारी कुटुंबात माल पारखून घेण्याची सवय पिढ्यानपिढ्या मुरलेली असते. धान्याचा नमुना तळहातावर घेतल्याखेरीज किंवा कापडाचा ताका उलगडून पाहिल्याखेरीज दुकानदार पैसे मोजत नाही. तोच दुकानदार जुनी मोटार घेताना मात्र चकाकणाऱ्या रंगावर आणि एजंटाच्या शब्दावर विसंबतो. विकताना तर तो अधिकच निर्धास्त असतो. पैसे हाती आले, किल्ली दिली, की सौदा पुरा झाला, अशी त्याची समजूत असते. कायदा तसे मानत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात मोटार विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. हे राहून गेल्यास काय होते, हे २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने स्पष्ट केले. एक मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, पण दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे होते. तिच्या अपघाताची भरपाई त्या नोंदणीकृत मालकाने द्यावी, असे न्यायालयाने ठरवले. मोटार त्याच्या दारात नव्हती, तरी देणे त्याच्या नावावर राहिले.

मोटार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे सोपवायची असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र आहे का, ते पाहावे व मोटार सोपवल्याची ऑनलाइन सूचना नोंदवावी.

घेणाऱ्याने प्रथम आरसी वाचावी. तिच्यातील इंजिन व चासी क्रमांक मोटारीवर कोरलेल्या क्रमांकांशी जुळवावेत. बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवण्यासाठी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हवा. परराज्यातील मोटारीसाठी तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथील कर वेगळा भरावा लागतो. स्वस्त किमतीत हा खर्च धरलेला नसतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, मोटारीचा नव्हे. त्यामुळे फरकाची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते.

यानंतर मोटारीची पारख करावी. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून तो सर्व्हिसच्या जुन्या बिलांशी ताडावा आणि पेडलची झीज पाहावी. २००५ मध्ये मुंबईत आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात असंख्य वाहने पुराच्या पाण्यात गेली. अशी मोटार धुऊन-पुसून नवी दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आत चिखलाचा डाग सापडतो. आसनाखालच्या रुळांवर गंज आणि गालिच्याखाली गाळ दिसतो. तपासणीसाठी आपल्या विश्वासातला मेकॅनिक न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

घेतलेल्या मोटारीवर खर्च करताना क्रम चुकू नये. ब्रेक आणि टायर आधी. पॉलिश व सीटकव्हर नंतर. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते. २३२१ म्हणजे तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शिल्लक असली, तरी रबर वयाने कडक होते. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल आणि तो केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदलावा. चालत्या गाडीत तुटल्यास अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. काम सुरू होण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज, काम झाल्यावर सुट्या भागांचे पक्के बिल आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. प्रामाणिक गॅरेजवाल्याला यात अपमान वाटत नाही.

विकणाऱ्याने ताबा देताना तारीख व वेळ लिहिलेल्या पावतीवर घेणाऱ्याची सही घ्यावी. महिन्याभराने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नाव बदलले का, ते स्वतः पाहावे. बदलले नसेल, तर आरटीओकडे लेखी पाठपुरावा करावा. वहीत नोंद झाल्याखेरीज व्यवहार मिटत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. येथे वही आरटीओची आहे, एवढाच काय तो फरक.