छोटे देश, मोठे धडे : मॉरिशस – कोयत्याच्या पुढची वाट

गेल्या आठवड्यात मालदीवची प्रवाळबेटं पाहिली. आज त्याच हिंदी महासागरात आणखी दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या मॉरिशसकडे वळू. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. एकट्या बीड जिल्ह्यात असे पाच देश बसतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

अंबाजोगाईकरांना तिथला दगड ओळखीचा वाटेल. आपला बालाघाट लाव्हाच्या थरांतून घडला. मॉरिशसही ज्वालामुखीतूनच वर आलं. मजुरांनी वेचून रचलेले काळ्या बेसाल्टचे ढीग उसाच्या फडांत आजही उभे आहेत. फरक पाण्याचा. आग्नेयेचे वारे मधल्या पठारावर भरपूर पाऊस पाडतात. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र चक्रीवादळांची धास्ती. वादळात आडवा झालेला ऊस पुन्हा उभारी धरतो, म्हणून तिथे तोच टिकला.

ऊस आणला डचांनी, १६३९ मध्ये. फ्रेंचांनी गुलामांकडून मळे राबवले. १८१० मध्ये इंग्रज आले आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. सारे मिळून सुमारे साडेचार लाख. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी माणसंही होती. आज गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येतं.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, १९९२ मध्ये प्रजासत्ताक. राष्ट्रपती नाममात्र, कारभार पंतप्रधानांचा. संसदेत ६२ सदस्य निवडून येतात. कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांसाठी आणखी आठपर्यंत जागा राखलेल्या असतात. देशाला खडं सैन्य नाही.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या देशाचं भवितव्य अंधारं दाखवलं होतं : वाढती लोकसंख्या आणि पीक एकच. देशाने ते खोटं ठरवलं. १९७० च्या कायद्याने निर्यातीच्या कारखान्यांना करसवलती दिल्या. कापडगिरण्यांत हजारो बायकांना पगार मिळू लागला. युरोपने साखरेला हमीभाव दिला होता, तो २००९ पर्यंत टिकला. तोवर पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या होत्या. उसाच्या चिपाडावर आज वीज तयार होते. अन्न आणि इंधन मात्र अजूनही बहुतांश बाहेरूनच येतं.

सगळ्यांत मोलाचा निर्णय १९७७ चा : माध्यमिक शिक्षण मोफत. मळ्यात राबणाऱ्यांची नातवंडं शिक्षक, डॉक्टर, मंत्री झाली.

आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात उचल घेतलेली कुटुंबं लेकरांसह ऊसतोडीला निघतात. कारखाना उसावर चालेल, पण मजुराच्या घराचं भवितव्य शाळेवर ठरतं. म्हणून यंदा गाडी निघण्याआधी आपल्या गावातलं हंगामी वसतिगृह सुरू झालं आहे का, हे प्रत्येक वाचकाने शाळेत जाऊन विचारावं.

पुढील आठवड्यात : फिजी.