महाविद्यालयीन शिक्षणाचीं नवीं साधनें

पनवेलच्या महाविद्यालयांत पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची आतां खडूफळ्याबरोबर संगणकीय साधनांशींही गांठ पडते. त्यांतलें चांगलें कोणतें? महागडें तें उत्तम, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तो बरोबर नाहीं.

पवईच्या आय. आय. टी. मुंबई या संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम पाहा. त्यांतील पाठ सुमारें १० मिनिटांचे असून मराठींतही आहेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ लावावा, दुसऱ्या बाजूस तीच क्रिया स्वतः करावी, आणि अडलें कीं पाठ थांबवावा, अशी त्याची रीत आहे. कांठावर बसून पोहणें येत नाहीं, हें येथें ओळखलेलें आहे. लिब्रेऑफिससारखीं जीं साधनें तेथें शिकवितात, तीं विनामूल्य मिळतात. शिवाय पाठ उतरवून घेतला म्हणजे तो इंटरनेटवांचून चालतो. २०२० च्या टाळेबंदींत अनेक घरीं एकाच फोनवर दोन भावंडांचे तास एका वेळीं आले. उतरवलेला पाठ मात्र फोन मोकळा झाल्यावर रात्रींही पाहतां येतो.

तथापि शंका आली त्या क्षणीं शिक्षक तेथें समोर नसतो. ती उणीव २००२ सालीं निघालेलें ‘मूडल’ कांहीं अंशीं भरून काढतें. शिक्षकानें त्यांत प्रश्न घालावा, विद्यार्थ्यानें उत्तर पाठवावें, तें तपासून परत मिळावें. अर्थात् शिक्षक तें नेमानें उघडून पाहील तर!