चार्जरवरचा ‘आर’ क्रमांक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्हावा शेवा बंदरातून निघालेला कंटेनर वाशीची खाडी ओलांडून मुंबईत शिरला की पहिलं लागतं ते मानखुर्द. कंटेनरमधले चार्जर, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर शहरभर विखुरतात. काही मानखुर्द स्टेशनबाहेरच्या दुकानांत विकले जातात, आणि निकामी झाले की त्यातले बरेच इथल्याच मंडाळ्याच्या भंगार बाजारात सुटे होतात. या मालाला विक्रीआधी सुरक्षेची नोंदणी लागते. केंद्र सरकारने तसा आदेश २०१२ साली काढला, तेव्हा यादीत लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर अशा १५ वस्तू होत्या. पुढे मोबाइल, अडॅप्टर, पॉवर बँक, एलईडी बल्ब आले आणि यादी साठच्या पुढे गेली. २०२१ मध्ये हा आदेश नव्या रूपात आला. नोंदणी देते भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस. इतकी वर्षं झाली, तरी गल्ल्यावर बसणारे आणि गल्ल्यासमोर उभे राहणारे, दोघांच्याही मनात काही समज पक्के बसले आहेत.

गैरसमज १: पाच व्होल्टच्या चार्जरने काय होणार? नोंदणी म्हणजे नुसती कागदपत्रं.

वस्तुस्थिती: पाच व्होल्ट बाहेर येतात, आत भिंतीतले २३० व्होल्ट असतात. या दोन बाजूंना वेगळं ठेवतं ते इन्सुलेशन आणि सर्किट बोर्डावर राखलेलं अंतर. पैसे वाचवायचे तर पहिली काटछाट नेमकी तिथेच होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आतलं इन्सुलेशन कमी पडलं तर २३० व्होल्ट थेट हातातल्या मोबाइलपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून प्रयोगशाळेत या दोन बाजूंमध्ये ३००० व्होल्टपर्यंतचा दाब देऊन इन्सुलेशन टिकतं का ते पाहतात. लिथियम बॅटरी शॉर्ट करून, चेपून आणि १३० अंश सेल्सिअसला तापवून पाहतात. तिने पेट घेता कामा नये की फुटता कामा नये. दुकानात ‘लावून दाखवतो, चालतंय बघा’ म्हणण्याने यातलं काहीच कळत नाही.

गैरसमज २: माल आधी येऊ दे, सर्टिफिकेट मागाहून काढू.

वस्तुस्थिती: आदेशातला क्रम उलटा आहे. आधी बीआयएसमान्य प्रयोगशाळेत चाचणी, मग नोंदणी, मग मालावर चिन्ह आणि त्यानंतर आयात. नोंदणी नसलेला माल कस्टममध्ये अडकला तर आयातदाराला तो स्वखर्चाने परत पाठवावा लागतो. नाही पाठवला तर कस्टम तो वापरता येणार नाही असा मोडून भंगारात काढतं. जुना, दुरुस्त केलेला माल आणला म्हणूनही सुटका नाही.

गैरसमज ३: बॉक्सवर ‘सीई’ आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: सीई हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे. बऱ्याच वस्तूंवर ते उत्पादक स्वतःच्या घोषणेवर लावतो. भारतात त्याने बीआयएसची नोंदणी टळत नाही. वीजबचतीचे तारे किंवा एमआरपीचं स्टिकर यांचाही सुरक्षेच्या चाचणीशी संबंध नाही.

गैरसमज ४: आयएसआय नाही, म्हणजे माल बोगस.

वस्तुस्थिती: बीआयएसच्या या दोन वेगळ्या योजना आहेत. इस्त्री, गिझर यांसारख्या घरगुती उपकरणांवर आयएसआय चिन्ह असतं. ते देण्याआधी कारखान्याची तपासणी होते. मोबाइल चार्जर, पॉवर बँक, लॅपटॉप यांच्यावर नोंदणीचं चिन्ह असतं: वर मानकाचा आयएस क्रमांक आणि खाली ‘आर-’ पुढे आठ आकडे. चार्जरवर आयएसआय शोधू नका, आर क्रमांक शोधा.

गैरसमज ५: ओळखीच्या आयातदाराकडे नंबर आहे, तोच आपल्या मालावर छापू.

वस्तुस्थिती: नोंदणी आयातदाराची नसते, उत्पादकाची असते, तीही विशिष्ट कारखान्याची, विशिष्ट वस्तूसाठी आणि विशिष्ट ब्रँडसाठी. दुसऱ्याच्या लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, तसंच हे. तोच कारखाना तोच चार्जर तुमच्या नावाने बनवून देणार असेल, तर तुमचा ब्रँड त्याच्या नोंदणीत आधी चढला पाहिजे. परदेशी उत्पादकाला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

गैरसमज ६: नियम आयातदाराला, आम्ही फक्त विकतो.

वस्तुस्थिती: बीआयएस कायदा, २०१६ चं कलम १७ आयातीबरोबरच अशा मालाची विक्री, साठवण आणि विक्रीसाठी मांडणी यांनाही बंदी घालतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख आणि पुढच्या वेळी किमान ५ लाख रुपये दंड. दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतात. दुकान किती फुटांचं, हे कायदा विचारत नाही.

गैरसमज ७: ऑनलाइन घेतलं, म्हणजे तपासलेलंच असणार.

वस्तुस्थिती: मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत अॅमेझॉनच्या एका गोदामाची झडती घेतली. तिथून गिझर, मिक्सर अशा ३५०० हून अधिक वस्तू जप्त झाल्या. त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये होती. वेबसाइट मोठी असली तरी चिन्ह वस्तूवरच पाहावं लागतं.

गैरसमज ८: आर क्रमांक छापलाय, म्हणजे माल खरा.

वस्तुस्थिती: आकडे कोणीही छापू शकतो. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव, ब्रँड, वस्तू आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे दिसतं. समोरच्या डब्यावरची माहिती त्याच्याशी जुळत नसेल, तर तो क्रमांक त्या वस्तूचा नाही. त्याच अॅपवर तक्रारही करता येते.

दुकानदारांनी एवढं करावं: पुरवठादाराला आगाऊ रक्कम देण्याआधी आर क्रमांक मागून घ्या, अॅपवर पडताळा आणि तो बिलावर लिहून घ्या. ब्लूटूथ किंवा वायफाय असलेल्या वस्तूला दूरसंचार विभागाची वेगळी मान्यता लागते, तीही विचारा. स्वतःच्या नावाने माल आणायचा विचार असेल, तर ऑर्डर देण्याआधी अंधेरी पूर्वेला मरोळ एमआयडीसीतल्या बीआयएसच्या ‘मानकालय’ कार्यालयात चौकशी करा. आणि ग्राहकांनी, दीडशे रुपयांचा चार्जर उचलताना, निदान तो उलटा करून मागचा क्रमांक वाचावा.