कालांक राष्ट्रीय उद्यान : पर्यटकांची गर्दी आणि खडकाळ किनाऱ्याचे संरक्षण

प्रस्तावना :
स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळे मार्सेलिस हे बंदर मराठी वाचकांना परिचित आहे. या शहरालगत भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर चुनखडकाचे पांढरे कडे असून त्यांत शिरलेल्या अरुंद खाड्यांना ‘कालांक’ म्हणतात. २०१२ मध्ये या परिसरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. महानगराला खेटून असलेल्या या उद्यानात पर्यटनाचे नियमन कसे होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
चुनखडकात कोरल्या गेलेल्या दऱ्या हिमयुगानंतर समुद्रपातळी वाढल्याने बुडाल्या व कालांक निर्माण झाले. कॉस्केर गुहेचे प्रवेशद्वार आज पाण्याखाली सुमारे ३७ मीटर खोलीवर आहे. मात्र आतील भित्तिचित्रे काढणारा प्रागैतिहासिक मानव तेथे पायी पोहोचला होता.

समस्येचे स्वरूप :
येथील खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ आहे. सतत पायदळी तुडविली गेल्याने माती सुटते, पावसाबरोबर वाहून जाते आणि पाइन वृक्षांची मुळे उघडी पडतात. नवी रोपे रुजत नाहीत. सुजितों या कालांकमध्ये उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवशी सुमारे २,५०० पर्यटक येत असत.

उपाययोजना :
२०२२ च्या उन्हाळ्यापासून गर्दीच्या काळात सुजितों येथे दररोज केवळ ४०० व्यक्तींना प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी पूर्वनोंदणी आवश्यक असली तरी शुल्क नाही. याशिवाय जून ते सप्टेंबर या काळात वणव्याचा धोका पाहून प्रवेश दररोज ठरविला जातो. धोका तीव्र असल्यास तो बंद राहतो.

मूल्यमापन :
निसर्ग सर्वांचा आहे, मग प्रवेशास मर्यादा का, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथे पोहावयास जाणाऱ्या शहरवासीयांना आता आधी नोंदणी करावी लागते. तथापि शुल्क आकारले असते तर निवड पैशाने झाली असती. निःशुल्क नोंदणीत श्रीमंत व गरीब यांना संधी समान राहते. संगणक वा मोबाईल न वापरणाऱ्यांची अडचण मात्र उरतेच.

निष्कर्ष :
संरक्षित क्षेत्राची घोषणा ही संरक्षणाची केवळ सुरुवात होय. दर्जा मिळाल्यानंतर दहा वर्षांनी सुजितों येथे संख्येवर मर्यादा घालावी लागली, यावरून हे स्पष्ट होते. भूमीची सहनक्षमता आधी ठरवून मगच पर्यटकसंख्या निश्चित करणे हा या अनुभवाचा मुख्य बोध आहे.