हाडात भरायचं सिमेंट आणि त्यातलं औषध

मी डॉक्टर नाही, पायदळातला निवृत्त अधिकारी. आजचा विषय मी एका जवानाच्या पायामुळे शिकलो.

नव्वदच्या दशकात माझ्या कंपनीतल्या एका नाईकच्या नडगीत स्प्लिंटर घुसला. वरची जखम भरली, पण हाडात पू राहिला. महिनोन्महिने इंजेक्शनं चालली. मी सर्जनसाहेबांना विचारलं, इतकं औषध जातं कुठं? ते म्हणाले, "औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या हाडापर्यंत रक्तच पोचत नाही." रसद तयार, पण रस्ता तुटलेला. हे मला लगेच समजलं.

मग त्यांनी मेलेलं हाड काढलं आणि पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवली.

हे सिमेंट म्हणजे एक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक. पावडर आणि द्रव एकत्र केले की कणकेसारखा गोळा होतो आणि थोड्याच मिनिटांत घट्ट होतो. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्न्ली यांनी साधारण 1960 पासून कृत्रिम खुबा बसवायला ते रूढ केलं. पुढे जर्मनीत बुखहोल्त्स यांनी त्यात जेंटामायसिन मिसळलं.

पण याच्या तीन अडचणी आहेत. घट्ट होताना ते खूप तापतं, म्हणून नाजूक औषधं त्यात टिकत नाहीत. सुरुवातीला औषध भरपूर पाझरतं, नंतर बरंचसं आतच अडकून राहतं. आणि ते विरघळत नाही. माळ काढायला आमच्या नाईकला पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. "साहेब, परत फाडणार?" हा त्याचा प्रश्न अजून कानात आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट. 1980 च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ यांनी ते शोधलं. ते सिरिंजमधून पोकळीत भरता येतं, फारसं न तापता घट्ट होतं आणि हाडातल्या खनिजासारखंच बनतं. शरीर ते हळूहळू पचवतं आणि तिथं नवं हाड येतं. मात्र ते ठिसूळ आहे. दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. म्हणून मांडीच्या हाडाला रॉड किंवा प्लेट लागतेच.

मग "स्मार्ट" काय? जंतुसंसर्ग झाला की ती जागा आम्लधर्मी होते. औषधाच्या बारीक गोळ्यांना असं आवरण द्यायचं, की ते आम्लातच उघडेल. शत्रू दिसल्याशिवाय गोळी सुटणार नाही. काही संशोधक आधी अँटिबायोटिक, मग हाड वाढवणारं प्रथिन, असा क्रम साधू पाहतात. पण यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे.

म्हणून घरात कुणावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मेलेलं हाड पूर्ण काढलं का? सिमेंट विरघळणारं की पुन्हा काढावं लागणारं? औषध जंतूंची तपासणी करून निवडलं का? सिमेंट कितीही हुशार असलं, तरी आधी जागा स्वच्छ करावीच लागते.

आमचा नाईक पुढे स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.