मुंग्यांची रांग

सोनोग्राफीच्या पहिल्या तासाला मी मुलांना यंत्राला हात लावू देत नाही. आधी जिलेटिन. आदल्या रात्री घरी पातेलंभर जिलेटिन विरघळवायचं, त्यात इसबगोल ढवळायचं, पाण्याने भरलेली रबरी नळी आडवी सोडायची आणि फ्रिजमध्ये थिजू द्यायचं. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंठिक्कर दिसतं. इसबगोलाने त्याला मांसासारखा करडा, दाणेदार पोत येतो. नळी म्हणजे शीर. तिच्यात सुई घालताना शंभरदा चुकलं तरी कुणी कळवळत नाही. (घरी एकदा कुणीतरी ते पुडिंग समजून चाखलं, ते असो.)

मी एका सरकारी महाविद्यालयात भूलशास्त्र शिकवते. खाटेपाशी करायची सोनोग्राफी म्हणजे रेडिऑलॉजिस्टचा सविस्तर रिपोर्ट नव्हे. इथे एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. पोटात रक्त साचलंय का? हृदयाभोवती पाणी आहे का? उत्तर हो, नाही किंवा ‘कळत नाही’. हे तिसरं उत्तर शिकवणं सगळ्यात अवघड. आयुष्यभर पहिले नंबर काढलेली मुलं ती, ‘कळत नाही’ त्यांच्या तोंडून निघतच नाही.

पडद्यावर द्रव काळा दिसतो, हाड पांढरं आणि त्यामागे सावली. हवेतून सोनोग्राफीचा ध्वनी पुढे जात नाही, म्हणून प्रोब आणि कातडीमध्ये जेल. अपघाताचा रुग्ण उताणा असेल तर यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांमधल्या खाचेत बघायचं. वरच्या पोटातली ती सगळ्यात सखल जागा. पावसाचं पाणी अंगणातल्या खळग्यात उतरावं तसं रक्त तिथे उतरतं. काळी पट्टी दिसली की सर्जनला हाक मारायची.

फुप्फुसाची मात्र गंमत आहे. ते हवेने भरलेलं, त्यामुळे दिसतच नाही. दिसते ती बरगड्यांखालची पांढरी रेघ, श्वासागणिक सरकणारी. त्या रेघेवरून मुंग्यांची रांग चाललीय असं वाटलं पाहिजे, असं मी सांगते. छातीत हवा शिरून फुप्फुस सुटलं की मुंग्या थांबतात. पण भूल देताना श्वासनळीतली नळी जरा खोल जाऊन उजव्या फुप्फुसात शिरली, तरी डावीकडच्या मुंग्या थांबतात. मग सुई उचलायची की नळी मागे ओढायची? इथे वर्गात पहिल्यांदा शांतता पसरते.

उमेदवारीच्या काळात मी स्वतः हृदयालगतच्या चरबीला पाणी समजले होते. सुई हातात घेतली होती. वरिष्ठांनी मनगट धरलं म्हणून निभावलं. ‘काळं ते पाणी’ असं फळ्यावर लिहिलं की मी अजूनही पुढे प्रश्नचिन्ह काढते.

परदेशी पुस्तकांत न सापडणारा एक धडा आमच्याकडे आहे, तो कायद्याचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. प्रत्येक यंत्राची नोंद लागते. मोबाईलला जोडायचा, खिशात मावणारा प्रोब निघालाय खरा, पण तो स्टेथोस्कोपसारखा गळ्यात अडकवून हवा तिथे नेता येत नाही. मुलं कुरकुरतात. मी कुरकुरत नाही; हेच यंत्र या राज्यात कशासाठी वापरलं गेलं, ते मी पाहिलंय. गर्भवतीवर सराव करायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम.

परवा मेडिसिन वॉर्डात एक इंटर्न खाटेवर बसलेल्या आजोबांच्या पाठीला प्रोब लावून उभा होता. आजोबांनी विचारलं, “काय हाय रं, पोरगं का पोरगी?” वॉर्ड हसला. हा पडद्यातच बुडालेला, त्याला ऐकूच आलं नाही. मी चित्र थांबवलं. “आजोबा काहीतरी विचारतायत.”

तो वळला. कानापर्यंत लाल. “छातीत पाणी आहे, आजोबा. डावीकडे.”

“लई हाय का?”

त्याने पाठीवर बोट टेकवलं, “इथपर्यंत,” म्हणाला, आणि जेल पुसायला कापूस शोधू लागला.