इसाराआधी

पेरणी तोंडावर आलेली, त्यामुळे मूर्तिजापूरच्या बाजूच्या त्या गुरांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. "डोये पाह्यले का मानूस समजते," असं मला ऐकवणाऱ्या दलालानं मालकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी बैलाचा जबडा उघडला. दोन दात म्हणजे अडीचेक वर्षं, आठही आले म्हणजे पाचेक; त्यापुढे दातांची झीज बघायची. मालकानं सांगितलेलं वय तिथंच ताडून झालं.

मग गप्पा. "वखराले कोन्त्या बाजूनं जुपता भाऊ?" "डाव्या." चहा झाला, पाऊसपाणी झालं आणि मधेच, "मंग याचा जोडीदार कुठी गेला?"

पोर्ट्समथचे मानसशास्त्रज्ञ आल्डर्ट व्राय पोलिसांना हेच सुचवतात: ज्याची तयारी नसेल ते विचारा. खोटं बोलणाऱ्याला खरं दाबायचं असतं, नवं रचायचं असतं, वर ते लक्षातही ठेवायचं असतं. कपाळामागच्या मेंदूवर त्याचा ताण येतो. नुसत्या चेहऱ्यावरून मात्र फारसं काही कळत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसं खरं-खोटं ओळखतात ती १०० पैकी ५४ वेळा. नाणं उडवलं तरी पन्नासेक जमतातच की!

"मेला जी. पोयाच्या आंधीच," मालक म्हणाला आणि नजर खाली गेली. घसा कोरडा, हात थरथरणारा. बियाण्यापायी घरचा बैल विकणारा माणूस आणखी कसा दिसणार? श्वास, रक्तदाब आणि घाम मोजणाऱ्या पॉलिग्राफला लावला असता, तर काटे उडालेच असते. यंत्राला घालमेल कळते, तिचं कारण कळत नाही.

मेंदूलहरींवरही आपल्याकडे भरवसा टाकून झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात 'बीईओएस' या मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात ठरवलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी कुणावर लादता येणार नाही. माझ्या मते उशिराच झालं.

इकडे दलालानं बैल उजवीकडे जुंपला. तो अडला. डावीकडे जुंपताच सरळ चालला. मग दुपट्ट्याखाली बोटं धरली गेली आणि भाव ठरला.

जोडी घ्यायला जाणार असाल, तर मालकाची नजर वाचत बसू नका. दोन्ही बाजूंनी जुंपून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.